वरातीमागून आलेली मतपत्रिका : सांगलीत बसून अमेरिकेच्या प्रायमरीला मत देण्याचा अनुभव

पाचातले दोन स्टार देते, आणि त्यातला एक विश्रामबागेतल्या झेरॉक्सवाल्या पोराचा आहे हे आधीच सांगते.

सेवा कसली, तर अमेरिकेत राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीआधी प्रायमरी होते ना, म्हणजे पक्षाचा उमेदवार कोण असावा हे लोकांनीच मत देऊन ठरवायचं, त्याला परदेशात बसून मत द्यायची सोय. मी काही तिकडची मतदार नाही, मतदार आमच्या नणंदबाई. आम्ही घरात सगळे त्यांना ताईच म्हणतो. वालचंदला शिकल्या, लग्न होऊन न्यू जर्सीला गेल्या, तिकडच्या नागरिक झाल्या, आणि २०२४ च्या जानेवारीत सासूबाई न्हाणीत पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, मिरजेत ऑपरेशन झालं, तेव्हा ताई धावत आल्या त्या जुलै उजाडेपर्यंत इथंच होत्या. त्यामुळं हा सगळा कारभार आमच्या जेवायच्या टेबलावर झालाय. आणि मी जिल्हा परिषदेची शिक्षिका, बीएलओचं, म्हणजे बूथची मतदार यादी सांभाळायचं काम माझ्याकडं, इलेक्शन ड्युटी २००९ पासून एकही चुकलेली नाही, म्हणून मला यातलं थोडंफार कळतं असं धरून वाचा.

फॉर्मपासून सुरू करते कारण फॉर्म चांगलाय. फेडरल पोस्ट कार्ड ॲप्लिकेशन असं नाव, पण पोस्टकार्ड वगैरे काही नाही, साधा कागद, नेटवरनं उतरवून घ्यायचा आणि भरायचा. परत जाणार आहात की नक्की नाही, मतपत्रिका ईमेलनं पाहिजे का टपालानं, सगळं टिकमार्कवर. आमच्या बूथवर यादीत नाव घालायला फॉर्म ६ भरताना लोकांची जी तारांबळ उडते ती मी दर वर्षी बघते, त्या मानानं हा फॉर्म ताईंनी चहा गार व्हायच्या आत भरला. एक रकाना सोडून. त्या रकान्यात विचारलं होतं की प्रायमरीत मत द्यायचं असेल तर तुमचा पक्ष लिहा.

मी म्हटलं, ताई, हे कुणाकडं जाणार? तर त्या म्हणाल्या, 'अगं, तिकडं मतदार यादीतच लिहिलेलं असतं, कोण कुठल्या पक्षाचा ते.'

मला पटेचना. पंधरा वर्षं मतदार याद्या हाताखालनं गेल्यात माझ्या, नाव, वडिलांचं नाही तर नवऱ्याचं नाव, वय, घर नंबर, फोटो, ओळखपत्राचा एपिक नंबर, संपलं. गावात कोण कुणाचा माणूस हे शेंबड्या पोराला पण ठाऊक असतं ते वेगळं, पण सरकारी यादीत माणसाच्या नावापुढं पक्ष? उद्या आमच्या गावात असं झालं तर पाण्याच्या टँकरपासनं सगळं त्या रकान्याकडं बघून वाटलं जाईल, हे मी अगदी मनापासनं सांगते. सगळ्या राज्यांत असं नसतं, काही ठिकाणी प्रायमरी कुणालाही खुली असते, काही ठिकाणी नोंदवलेल्या पक्षाचीच फक्त. न्यू जर्सीत मधलं, म्हणजे तुम्ही कुठल्याच पक्षाचे नसाल तर प्रायमरीला मत देताना एक पक्ष निवडायचा आणि मग यादीत तुम्ही त्या पक्षाचे होता. ताई इतकी वर्षं कुठल्याच पक्षाच्या नव्हत्या आणि त्यामुळं त्यांनी कधी प्रायमरीला मतच दिलं नव्हतं, फक्त नोव्हेंबरात जायचं. या खेपेला का दिलं विचारलं तर म्हणाल्या, नोव्हेंबरात दोघांतनं एक निवडायचा असतो, पण त्या दोघांना निवडलं कुणी, त्यात मी कुठं होते, हे दर चार वर्षांनी टोचतं. मग हो-ना करत डेमोक्रॅटिक लिहिलं. दोन दिवस तो रकाना रिकामा ठेवून फॉर्म फ्रीजवर चुंबकाखाली लावला होता त्यांनी, येता-जाता बघायच्या.

भाच्याचं तर याहून वाईट. तो २०१६ ला न्यूयॉर्कात होता, त्याला डेमोक्रॅटिक उमेदवारी मागणाऱ्या बर्नी सँडर्सना मत द्यायचं होतं, प्रायमरी १९ एप्रिलला. पण तो कुठल्याच पक्षात नोंदवलेला नव्हता, आणि तिथं आधीच नाव असलेल्याला पक्ष बदलायची शेवटची तारीख होती ९ ऑक्टोबर २०१५. म्हणजे सहा महिन्यांपेक्षा जास्त आधी! त्या वेळी कोण उभं राहील, कोण टिकेल, काही ठरलेलं नसतं. ट्रम्प यांची स्वतःची मुलं, इव्हांका आणि एरिक, त्यांची पण मुदत चुकली आणि सख्ख्या बापाला मत देता आलं नाही. नंतर न्यूयॉर्कनं कायदा बदलून ती तारीख फेब्रुवारीत आणली, पण त्या पोराचं त्या साली मत गेलं ते गेलंच. आपल्याकडं विधान परिषदेच्या पुणे पदवीधर मतदारसंघाला असंच होतं बघा, जुनं नाव चालत नाही, दर खेपेला फॉर्म १८ नव्यानं भरायचा, आणि मतदानाच्या आठवड्यात लोक येऊन माझ्याशी भांडतात की मॅडम मागच्या वेळी होतं की नाव. सांगली-सातारा-सोलापूर-कोल्हापूर-पुणे पाच जिल्ह्यांत मिळून किती पदवीधर असतील आणि नोंद किती जण करतात! त्यामुळं भाच्याचं दुःख मला परकं वाटलं नाही.

आता मूळ तक्रार. तारखा.

१५ जानेवारीला आयोवात रिपब्लिकन पक्षाचं कॉकस झालं. कॉकस म्हणजे संध्याकाळी ठरलेल्या वेळेला शाळेत, चर्चमध्ये जमायचं, भाषणं ऐकायची आणि मग चिठ्ठीवर मत. कडाक्याची थंडी, हाडं गोठवणारी, साधारण एक लाख दहा हजार माणसं आली अख्ख्या राज्यात. आमच्या सांगली लोकसभेला अठरा लाखांवर मतदार आहेत, आणि २०२४ ला इथं जिंकणाऱ्याचं नुसतं मताधिक्य लाखाचं होतं, म्हणजे आयोवात एकूण आलेली माणसं आणि इथलं मताधिक्य जवळपास सारखंच. आणि त्याच्यावर कळस म्हणजे कॉकस सुरू होऊन अर्धा तास झाला नाही तोवर असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेनं ट्रम्प जिंकले म्हणून जाहीर करून टाकलं, तेव्हा कितीतरी ठिकाणी लोक अजून भाषणंच ऐकत बसलेले, चिठ्ठी हातात यायची होती. ताईंनी हे मला सांगितलं त्या दिवशी मी लोकसभेच्या ट्रेनिंगहून आले होते, डोक्यात आचारसंहिता भरलेली, मी म्हटलं असं केलं तर आमच्याकडं जेलमध्ये जाईल माणूस.

पुढं ट्रम्प यांच्यासमोर रिपब्लिकन उमेदवारी मागणारे डिसँटिस २१ जानेवारीला बाहेर. २३ ला न्यू हॅम्पशायर. ५ मार्चला सुपर ट्यूसडे, एका दिवशी पंधरा राज्यं, दुसऱ्या दिवशी तशाच दावेदार निकी हेली पण बाहेर. १२ मार्चला बायडन आणि ट्रम्प दोघांनाही लागणारे डेलिगेट, म्हणजे पक्षाच्या अधिवेशनात उमेदवार ठरवणारे प्रतिनिधी, मिळाले, विषय संपला. आणि न्यू जर्सीची प्रायमरी कधी? ४ जूनला. बारा आठवड्यांनी. ताईंच्या हातात मतपत्रिका आली २० एप्रिलला, कारण परदेशातल्या मतदाराला ४५ दिवस आधी मतपत्रिका पाठवायचा तिकडं कायदा आहे. कायदा अगदी वेळेवर पाळला, ते मी नाकारत नाही. पण वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. नवरा-नवरी बोहल्यावरनं उतरून घरी गेली, मांडव सोडला, आणि तुम्हाला विचारतायत स्थळ पसंत आहे का.

२००८ ला न्यू जर्सीनं ही निवडणूक फेब्रुवारीत घेऊन बघितली होती. पण बाकीची स्थानिक प्रायमरी जूनलाच, म्हणजे दोन वेळा बूथ लावायचे, दोन वेळा खर्च, म्हणून परत जूनला नेली. शिक्षक म्हणून मला खर्चाचा मुद्दा समजतो. मतदार म्हणून पटत नाही.

आणि न्यू जर्सीचं निदान मतदान झालं तरी! फ्लोरिडात डेमोक्रॅटिक पक्षानं एकच नाव पाठवलं, बायडन, आणि एकच नाव असेल तर तिथल्या कायद्यानं मतदान होत नाही, त्यामुळं प्रायमरीच रद्द. नेवाडात रिपब्लिकनांचं ६ फेब्रुवारीला प्रायमरी आणि ८ ला कॉकस, दोन्ही वेगवेगळं, हेली पहिल्यात, ट्रम्प दुसऱ्यात, डेलिगेट मिळणार फक्त दुसऱ्यातनं. पहिल्यात लोकांनी 'यांपैकी कोणीही नाही' ला हेलींपेक्षा जास्त मतं दिली. आपल्याकडं नोटा आला २०१३ ला, तिथं नेवाडात ते १९७० च्या दशकापासून आहे. रागावलेला माणूस काय करतो ते त्या आकड्यात दिसतं.

एक गोष्ट मला सारखी सांगाविशी वाटते, आणि ही मी स्ट्राँगरूमबाहेर उभं राहिलेली बाई म्हणून सांगते. आपल्याकडं पण टप्प्याटप्प्यानंच मतदान होतं. २०२४ ला सात टप्पे, १९ एप्रिल ते १ जून. सांगलीचं तिसऱ्या टप्प्यात ७ मेला झालं. आमची मशिन सील करून जमा केली ती चार आठवडे तशीच, आत काय आहे देवाला ठाऊक. शेवटचा टप्पा होईपर्यंत एक्झिट पोलसुद्धा दाखवायला बंदी. आणि मग सगळ्यांच्या पेट्या एका दिवशी उघडल्या. कल्पना करा की पहिल्या टप्प्याचा निकाल त्याच रात्री लागला असता, दुसऱ्याचा त्या आठवड्यात, आणि आमच्या आधीच उमेदवार घरी बसले असते, तर ७ मेच्या त्या उन्हात आमच्या बूथवर कोण आलं असतं? म्हातारीकोतारी माणसं पदर डोक्यावर घेऊन तास-तास उभी होती रांगेत, ती आली कारण त्यांच्या मताची किंमत पहिल्या टप्प्यातल्या माणसाइतकीच होती. टप्पे पडायला माझा विरोध नाही, देश मोठा आहे त्यांचा पण. फक्त मोजणी एका दिवशी करा की!

हे मी ताईंना म्हटलं तर त्यांनी दुसरी बाजू सांगितली आणि ती पण लिहायला पाहिजे. त्या म्हणाल्या, अगं, एकाच दिवशी सगळीकडं ठेवलं तर ज्याच्याकडं पैसा तोच येणार, छोट्या राज्यात घरोघर फिरून एखादा अनोळखी माणूस पुढं येतो, जिमी कार्टर १९७६ ला तसेच आले, ओबामा २००८ ला आयोवा जिंकले तेव्हाच लोकांनी मनावर घेतलं. आणि १९६८ ला तर ह्युबर्ट हम्फ्री एकही प्रायमरी न लढवता उमेदवार झाले होते, त्यावरनं शिकागोत डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनात एवढा गोंधळ झाला म्हणून तर नियम बदलून लोकांच्या हातात हे दिलं. म्हणजे आजची पद्धत ही सुधारणाच आहे. बरोबर आहे त्यांचं. पण सुधारणा होऊन पन्नास वर्षं झाली, आता पुढची करा.

आता झेरॉक्सवाला. ईमेलनं मतपत्रिका आली पण घरचा प्रिंटर बंद पडलेला, मग मी आणि ताई दुपारी विश्रामबागेत गेलो, गणपती मंदिराच्या अलीकडच्या गल्लीत एक छोटं दुकान आहे, झेरॉक्स, लॅमिनेशन, परीक्षेचे फॉर्म भरून देतात ते. पोरगं वीस-बावीसचं. ताईंनी पेनड्राइव्ह दिला, त्यानं फाइल उघडली, आणि पहिल्यांदा काय विचारलं असेल तर 'मॅडम, हा कागद ए-फोर नाही, फिट टू पेज करू का आहे तसं ठेवू?' तिकडचा कागद थोडा रुंद आणि आखूड असतो, आपल्या ए-फोरवर घेतला तर कडेचे गोल कापले जायची शक्यता. त्यानं आधी एक नमुना काढला, पट्टी लावून कडेची जागा बघितली, मग खरा काढला. वर शीर्षक वाचल्यावर त्याला कळलं हे मताचं आहे, तर त्यानं खुर्ची फिरवून पाठ केली आमच्याकडं, कुणी सांगितलं नव्हतं त्याला. काम झाल्यावर फाइल डिलीट केली, रिसायकल बिनमधनं पण काढली आणि स्क्रीन ताईंना दाखवली. नमुन्याचा कागद फाडून तुकडे आमच्याच हातात दिले. सगळे मिळून तीस रुपये. माझ्या ड्युटीत मी असले पोलिंग ऑफिसर कमी बघितलेत, हे मनापासनं सांगते.

मतपत्रिका कशी होती ते सांगते कारण त्यात पण एक मोठी गोष्ट घडली होती आदल्याच महिन्यात. न्यू जर्सीत आधी कशी असायची त्याचा नमुना ताईंनी लॅपटॉपवर दाखवला. पक्षाच्या जिल्हा पुढाऱ्यांनी ज्यांना पाठिंबा दिला ती सगळी नावं एका सरळ ओळीत, वरनं खालपर्यंत, राष्ट्राध्यक्षापासनं अगदी गल्लीतल्या माणसापर्यंत. आणि जो पुढाऱ्यांच्या मर्जीतला नाही त्याचं नाव पार लांब कोपऱ्यात, मध्ये मोकळी जागा, तिकडचे लोक त्या कोपऱ्याला सायबेरिया म्हणतात. माणसाचा डोळा सरळ ओळीत जातो, हे मला पहिलीच्या पोरांना शिकवताना रोज दिसतं. त्या वेळचे गव्हर्नर फिल मर्फी यांच्या पत्नी टॅमी मर्फी सिनेटला, म्हणजे तिकडच्या संसदेच्या वरच्या सभागृहाला, उभ्या राहिल्या होत्या, कितीतरी जिल्ह्यांत ती ओळ त्यांना मिळाली, लोक चिडले, मार्चमध्ये त्यांनी माघार घेतली. समोरच्या अँडी किम यांनी या ओळीवरच कोर्टात केस टाकली, आणि २९ मार्चला न्यायाधीश झाहिद कुरेशी यांनी डेमोक्रॅटिक प्रायमरीसाठी ती पद्धत थांबवली. म्हणून ताईंच्या कागदावर प्रत्येक पदाची वेगळी चौकट आणि त्यात त्या पदाचे सगळे उमेदवार शेजारी-शेजारी, आपल्या मशिनवर असतात तसे. २०२५ ला तर कायदाच झाला तसा. दुसरा स्टार मी याला देते. सिनेटच्या चौकटीवर ताई खरंच वेळ घेऊन बसल्या, नावं वाचली, विचार केला. तिथं त्यांच्या मताला अर्थ होता. राष्ट्राध्यक्षाच्या चौकटीत बायडन, गाझात कायमची युद्धबंदी मागणारी 'अनकमिटेड' म्हणजे कुणा उमेदवाराला न बांधलेली ओळ, असं होतं. कुणाला दिलं ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही, मी तेवढा वेळ सासूबाईंना वॉकर धरून व्हरांड्यात फिरवत होते.

मग पाकिटं. मतपत्रिका आतल्या पाकिटात, सही केलेलं सर्टिफिकेट वेगळं, दोन्ही बाहेरच्या पाकिटात. मला एकदम घरचं वाटलं, आम्ही ड्युटीवाले टपाली मत देतो तेव्हा १३-अ चं घोषणापत्र, १३-ब चं छोटं पाकीट, १३-क चं मोठं, हुबेहूब तसंच. ईमेलनं स्कॅन पाठवला तरी मूळ कागद टपालानं पाठवायचाच. एका कुरिअरवाल्यानं अडीच हजार सांगितले आणि वर 'मतपत्रिका' शब्द ऐकल्यावर लफडं नको म्हणून घेईचना, शेवटी स्पीड पोस्टनं गेलं आणि पोचलं. पण मला वाईट कशाचं वाटलं सांगू, ज्या माणसाचं नाव मार्चमध्येच ठरलंय त्याच्यासाठी ताई भर एप्रिलच्या उन्हात रिक्षा करून दोन काउंटरवर गेल्या, घाम पुसत पाकिटाच्या कडा परत-परत दाबून बघत होत्या चिकटल्या का म्हणून. एवढी काळजी घेणाऱ्या मतदाराला यंत्रणेनं निदान वेळेत विचारायला पाहिजे.

त्याच दिवसांत सांगलीत उमेदवारीचा केवढा घोळ चाललेला सगळ्यांना आठवत असेल. जागा काँग्रेसची की शिवसेना ठाकरे गटाची, चंद्रहार पाटील की विशाल पाटील, मुंबई-दिल्लीच्या बैठका, इथं कार्यकर्ते हातघाईवर. ताई विचारायच्या, इथल्या लोकांना कुणी विचारलं का? नाही विचारलं. आपल्याकडं ती पद्धतच नाही, तिकीट वरनं येतं, सगळ्याच पक्षांत. मी सरकारी नोकर आहे, कुणाची बाजू घेऊन लिहीत नाही, पण विशाल पाटील अपक्ष उभे राहिले लिफाफा चिन्हावर आणि लोकांनी लाखभर मतांनी निवडून दिलं, म्हणजे जे आधी विचारलं नाही ते लोकांनी मशिनवर सांगितलं. ४ जूनला निकाल. आणि ४ जूनलाच न्यू जर्सीची प्रायमरी! संध्याकाळी आमच्या रस्त्यावर गुलाल, हलगी, लिफाफ्याचे फलक, आणि आत टेबलावर ताई लॅपटॉपवर आपला लिफाफा पोचल्याची नोंद बघत होत्या. त्या म्हणाल्या, 'तुम्हाला कुणी विचारत नाही तरी तुम्ही सांगून टाकलंत. आम्हाला विचारतात, पण झाल्यावर.'

जुलैच्या पहिल्या आठवड्यात त्या परत गेल्या. २१ जुलैला रात्री अकरा-सव्वाअकराला फोन, मला वाटलं काय झालं. बायडन यांनी माघार घेतली होती. व्हायच्या त्या सगळ्या प्रायमरी होऊन गेलेल्या, कोटीच्या वर लोकांनी त्यांना मतं दिलेली, आणि आता नवीन उमेदवार डेलिगेट ठरवणार. ठरवला पण, ऑगस्टच्या सुरुवातीला ऑनलाइन मतदान घेऊन, कमला हॅरिस, दुसरं नावच नव्हतं. नियमाला धरूनच झालं सगळं. ताई फोनवर बराच वेळ गप्प होत्या, मग म्हणाल्या, 'अगं, त्या रकान्यात मी पक्षाचं नाव लिहिलं ते तसंच राहिलंय यादीत.'

तर ज्यांची मुलं-सुना, लेकी-जावई तिकडं नागरिक आहेत आणि २०२८ ला आई-वडिलांकडं येऊन राहणार असतील त्यांच्यासाठी: फॉर्म त्या वर्षीच्या जानेवारीतच पाठवा, मागच्या निवडणुकीचा पुढं चालेल असं धरू नका. आपल्या राज्यात प्रायमरी खुली आहे का बंद, आणि पक्ष नोंदवायची शेवटची तारीख कोणती, हे आदल्या वर्षीच्या दिवाळीतच बघून ठेवा, न्यू जर्सीत २०२४ ला आधी नोंदवलेला पक्ष बदलायची तारीख प्रायमरीच्या ५५ दिवस आधी होती. खाली सिनेट, प्रतिनिधीगृह म्हणजे तिकडची लोकसभा, स्थानिक पदं असतात ती सोडू नका, खरं मत तिथं लागतं. प्रिंट ए-फोरवर काढताना कडा बघा. आणि सांगलीत असाल तर विश्रामबागेत त्या पोराकडं जा, दुपारी दोन ते चार बंद असतं.